‘गुऱ्हाळ’ कर्नलपासून खिडकीपर्यंत: रस्टमध्ये सिस्टम आणि डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवायला सुरुवात

ऑपरेटिंग सिस्टम आतून समजून घ्यायची असेल तर पुस्तकी व्याख्यांपेक्षा एक शब्द हातात धरावा आणि तो स्क्रीनवर कसा पोहोचतो ते स्वतः घडवून बघावं. या लेखात तो शब्द आहे ‘गुऱ्हाळ’. कोल्हापूरच्या वाचकाला तो सांगावा लागत नाही, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं तो फार कामाचा आहे: त्यात खाली बसणारा उकार आहे, मराठीतला चंद्रकोरी ऱ्ह आहे आणि ळ आहे. जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांत हा शब्द चुकीचा उमटला तर ‘हे चुकलं’ असं सांगू शकणारी माणसं मोजकी आहेत. ती जागा तुम्ही भरू शकता.

क्रम असा: आधी पन्नास-साठ ओळींचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा), मग दुसऱ्यांनी बनवलेली पूर्ण सिस्टम बिल्ड करणं, मग एक छोटं डेस्कटॉप ॲप आणि शेवटी खऱ्या प्रकल्पाला पॅच, म्हणजे त्याच्या कोडमधला बदल. सी किंवा पायथनमध्ये थोडाफार प्रोग्रॅम लिहिता येतो एवढं गृहीत धरलं आहे. आज्ञा आणि नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

भाषा कोणती, आणि रस्टच का

गो भाषेला गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) लागतो. डेस्कटॉप ॲपला त्याची अडचण नाही, पण कर्नलमध्ये आधी त्या कलेक्टरलाच जागा करून द्यावी लागते. झिग सुटसुटीत आहे, पण अजून १.० ला पोहोचलेली नाही, त्यामुळे वर्षापूर्वीचा कोड आज कंपाइल होईलच असं नाही. नवशिक्याला हे जड जातं. रस्टची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तिला रनटाइम लागत नाही, मेमरीच्या बहुतेक चुका ती कंपाइल करतानाच पकडते, आणि लिनक्स कर्नलच्या ६.१ या आवृत्तीपासून (डिसेंबर २०२२) ती त्याच्या मुख्य कोडमध्ये आहे. शिकलेलं पुढे चालत राहील, म्हणून रस्ट.

मशीन, नेट आणि वीज

८ जीबी रॅमवर काम होतं, १६ असेल तर सुखानं होतं. कर्नलच्या सरावाला ५ जीबी जागा पुरे. पुढे पूर्ण सिस्टम बिल्ड करणार असाल तर ५० जीबी मोकळी ठेवा. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांपैकी काहीही चालेल. विंडोजवर डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलात तर प्रत्येक फाइल दोन सिस्टमांच्या मधून ये-जा करते आणि बिल्ड कित्येक पट मंदावतं.

बिल्ड चालू असताना ‘सिग्नल ९’ असं म्हणून मध्येच मेलं तर कोडमध्ये चूक शोधू नका. रॅम संपली म्हणून सिस्टमनं कंपायलरला मारलेलं असतं. रस्टचं बिल्ड करणाऱ्या कार्गो या साधनाला ‘जे २’ हा पर्याय द्या, म्हणजे एकावेळी दोनच कामं चालतील. वेळ वाढेल, पण काम पुरं होईल.

नेटचं नियोजन आधीच करा. गिट क्लोन (कोडच्या भांडाराची प्रत उतरवणं) अर्ध्यात तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, त्यामुळे मोबाइल हॉटस्पॉटवर मोठं भांडार पूर्ण इतिहासासकट ओढू नये. ‘डेप्थ १’ देऊन उथळ क्लोन घ्या आणि चांगलं नेट मिळेल तेव्हा ‘अनशॅलो’ करा. लायब्ररीत किंवा कॉलेजात वाय-फाय असेल तर तिथे ‘कार्गो फेच’ चालवा. घरी आल्यावर ‘ऑफलाइन’ पर्याय देऊन बिल्ड होतं.

एप्रिल-मेच्या वळिवात आणि पुढे जुलै-ऑगस्टच्या संततधारेत वीज कधीही जाऊ शकते. डेस्कटॉप पीसीवर असाल तर साधा यूपीएस हवाच. कार्गो झालेलं काम पुन्हा करत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे जातं. पण वीज नेमकी फाइल लिहिली जात असताना गेली तर शून्य बाइटची किंवा अर्धी फाइल मागे राहते, आणि नंतर ज्या कोडला हातही लावलेला नाही तिथून अनाकलनीय एरर येतात. अशा वेळी ‘कार्गो क्लीन’ला ‘पी’ पर्याय आणि त्या क्रेटचं (रस्टच्या पॅकेजचं) नाव द्या. तेवढंच पुसलं जातं. भांडाराची शंका असेल तर ‘गिट एफएससीके’ चालवून तपासा.

पहिली पायरी: सर्वांत छोटा कर्नल

बहुतेक शिकवण्या इंटेल-एएमडीच्या एक्स८६ वर सुरू होतात. तिथे बूटलोडर, जुने मोड, टेबलं यांतच पहिले आठवडे जातात. आमचा आग्रह आहे की सुरुवात रिस्क-व्ही या खुल्या प्रोसेसर रचनेवर करा, तीही क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये. तिथे तुमच्या कोडच्या आधीचं काम ओपनएसबीआय हे फर्मवेअर करतं आणि ते क्यूईएमयूसोबतच येतं. बोर्ड विकत घ्यायची गरज नाही.

रस्टअप या इन्स्टॉलरनं रस्ट बसवा. डिस्ट्रोच्या पॅकेजमधलं रस्ट अनेकदा जुनं असतं आणि त्यात वेगळे टार्गेट (कोड ज्या मशीनसाठी बनवायचा ते) जोडणं अवघड जातं. मग ‘रस्टअप टार्गेट ॲड’ देऊन पुढे टार्गेटचं नाव लिहा: रिस्कव्ही६४जीसी, अननोन, नन, एल्फ, मध्ये आडव्या रेघा. ‘नन’ म्हणजे खाली कुठलीही ऑपरेटिंग सिस्टम नाही. क्यूईएमयूचं रिस्क-व्ही असलेलं सिस्टम पॅकेजही बसवा.

‘कार्गो न्यू’नं प्रोजेक्ट तयार झाला की मुख्य फाइलच्या डोक्यावर ‘नो एसटीडी’ आणि ‘नो मेन’ हे दोन शेरे लिहा. पहिल्यानं मानक लायब्ररी बाजूला होते, कारण ती फाइल, थ्रेड, मेमरी सगळं ऑपरेटिंग सिस्टमकडून मागते आणि इथे सिस्टम तुम्हीच आहात. उरते ती ‘कोअर’ लायब्ररी. पॅनिक (न सावरता येणारी चूक) झाल्यावर काय करायचं तेही आता तुम्हीच सांगायचं: पॅनिक हँडलर म्हणून एक फंक्शन लिहा, आत अनंत लूप. ते विसरलात तर कंपायलर नाव घेऊन मागतो.

यानंतर तीन गोष्टी नीट जमल्या पाहिजेत.

लिंकर स्क्रिप्ट, म्हणजे कोडचा कुठला भाग मेमरीत कुठे बसेल ते सांगणारी फाइल. क्यूईएमयूच्या ‘व्हर्ट’ मशीनवर ओपनएसबीआय कर्नलकडे उडी मारतं ती हेक्स ८०२००००० या पत्त्यावर. स्क्रिप्टमध्ये सुरुवातीचा पत्ता हाच द्या आणि प्रवेशाचा कोड स्वतःच्या वेगळ्या विभागात टाकून सर्वांत आधी ठेवा. त्याभोवती ‘कीप’ लावा, नाहीतर लिंकर ‘याला कुणी बोलावत नाही’ म्हणून तो काढून टाकू शकतो. स्क्रिप्ट कार्गोच्या कॉन्फिग फाइलमधून लिंक-आर्गच्या रूपानं कळवायची. इथे एक खोड आहे: नुसती लिंकर स्क्रिप्ट बदलली तर कार्गोला कळत नाही, जुनंच बिल्ड चालतं आणि बदल का लागू होत नाही यात संध्याकाळ जाते. बिल्ड स्क्रिप्ट लिहून त्यात ‘ही फाइल बदलली तर पुन्हा चालव’ अशी ओळ टाका.

स्टॅक. रस्टचं पहिलं फंक्शन चालण्याआधी स्टॅक पॉइंटर भरलेला हवा, आणि ते काम असेम्ब्लीच्या दोन-तीन ओळींत ‘ग्लोबल एएसएम’ मॅक्रोनं करायचं. ६४ केबी जागा राखून ठेवा. स्टॅक वरून खाली वाढतो, म्हणून पॉइंटरला त्या जागेचा वरचा शेवटचा पत्ता द्यायचा, आणि तो १६ नं भाग जाणारा असावा. नवशिके हमखास खालचा पत्ता देतात. मग पहिल्याच कॉलमध्ये स्टॅक राखलेल्या जागेच्या बाहेर उतरतो आणि शेजारचा डेटा पुसतो. एरर काहीच येत नाही, नुसतं विचित्र वागणं दिसतं. या ओळींत ए० आणि ए१ या रजिस्टरांना हात लावू नका: ओपनएसबीआयनं त्यांत गाभ्याचा क्रमांक आणि डिव्हाइस ट्रीचा (हार्डवेअरच्या वर्णनाचा) पत्ता दिलेला असतो, पुढे लागतो.

बीएसएस विभाग. सुरुवातीला शून्य असलेली ग्लोबल व्हेरिएबल्स इथे असतात आणि हा भाग शून्यानं भरणं तुमचं काम आहे. क्यूईएमयूची मेमरी मुळातच शून्य असते, त्यामुळे हे विसरलं तरी तिथे सगळं चालतं आणि खऱ्या बोर्डवर फसतं. आत्ताच भरायची सवय लावा.

असेम्ब्लीतून ज्या रस्ट फंक्शनला उडी मारणार त्याचं नाव बदललं जाऊ नये म्हणून ‘नो मँगल’ लावतात. २०२४ एडिशनमध्ये ते ‘अनसेफ’ कंसात घालून लिहावं लागतं. जुन्या शिकवणीतली ओळ जशीच्या तशी चिकटवली तर इथेच अडते.

दुसरी पायरी: वायरवरून शब्द पाठवणं

‘व्हर्ट’ मशीनचा सीरियल पोर्ट हेक्स १००००००० या पत्त्यावर आहे. त्या पत्त्यावर एक बाइट लिहिला की तो बाहेर तुमच्या टर्मिनलवर येतो. लिहिताना ‘राइट व्होलटाइल’च वापरा. साध्या पद्धतीनं लिहिलं तर ऑप्टिमायझरच्या दृष्टीनं त्याच जागी लागोपाठ लिहिणं आणि कधीच न वाचणं हे निरर्थक असतं. रिलीज बिल्डमध्ये तो आधीची सगळी लिखाणं उडवू शकतो आणि फक्त शेवटचा बाइट बाहेर येतो. खऱ्या चिपवर प्रत्येक बाइटआधी पाचव्या रजिस्टरमधला पाचवा बिट (दोन्ही मोजणी शून्यापासून) १ व्हायची वाट बघावी लागते. क्यूईएमयूत त्यावाचून चालतं, तरी लिहून ठेवा. दोन ओळींचं काम आहे.

आता ‘गुऱ्हाळ’ ही स्ट्रिंग घ्या, तिचे बाइट एकेक करून पाठवा आणि क्यूईएमयू ‘नोग्राफिक’ पर्यायानं चालवा. बाहेर पडायला कंट्रोल-ए दाबून सोडायचं आणि मग एक्स.

शब्द दिसला, पण ऱ्ह तुटका किंवा उकार बाजूला सरकलेला दिसला तर कर्नलवर राग काढू नका. सीरियलचं आउटपुट फाइलमध्ये वळवा आणि हेक्सडंपनं मोजा. बरोबर २१ बाइट असले पाहिजेत: ग, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ळ अशी सात युनिकोड चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट. पहिले तीन ई०, ए४, ९७ हे ग चे. प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट ई० आणि दुसरा ए४ किंवा ए५ असेल. एवढं जुळलं की कर्नलचं काम चोख आहे. सात चिन्हांतून तीन अक्षरं जुळवणं, ज्याला शेपिंग म्हणतात, हे पूर्णपणे टर्मिनल आणि फॉन्टचं काम. अलॅक्रिटीसारखं टर्मिनल शेपिंग करत नाही, म्हणून तिथे जोडाक्षरं सुटी पडतात. कर्नलची हद्द कुठे संपते हे या २१ बाइटांतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्याही आकृतीतून दिसत नाही.

काहीच दिसलं नाही तर? तपासायचा क्रम: ओपनएसबीआयचा मजकूर येतो का, येत असेल तर तो पुढचा पत्ता कोणता दाखवतो, ऑब्जेक्टडंपमध्ये तुमचा प्रवेशाचा कोड खरोखर त्याच पत्त्यावर आहे का. बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नावर उत्तर सापडतं.

यापुढे लगेच मेमरी ॲलोकेटरकडे धावू नका. आधी ट्रॅप हँडलर (चूक किंवा व्यत्यय आला की प्रोसेसर ज्या फंक्शनकडे उडी मारतो ते) लिहा, म्हणजे चूक झाली की कारण आणि पत्ता छापला जाईल. त्याशिवाय प्रत्येक दोष ‘नुसतं थांबलं’ असाच दिसतो. हँडलरचा पत्ता ‘एसटीव्हेक’ या रजिस्टरमध्ये भरायचा असतो आणि त्याचे खालचे दोन बिट मोड सांगण्यासाठी राखलेले आहेत. रिस्क-व्हीच्या आखूड सूचनांमुळे फंक्शन दोन बाइटांच्या सीमेवर सुरू होऊ शकतं. मग पत्त्याचा एक बिट मोड म्हणून वाचला जातो आणि उडी भलतीकडे जाते. हँडलर चार बाइटांच्या सीमेवर बसवा. क्यूईएमयूला ‘डी इंट’ दिलं की प्रत्येक ट्रॅपची नोंद मिळते. त्यानंतर टायमर, मग मेमरीच्या पानांचं वाटप, मग पेजिंग.

तिसरी पायरी: रेडॉक्स बिल्ड करणं

स्वतःचा कर्नल तीन-चार ट्रॅप झेलू लागला की मोठ्या घरात शिरा. रेडॉक्स ही जेरेमी सोलर यांनी २०१५ मध्ये सुरू केलेली, रस्टमध्ये लिहिलेली मायक्रोकर्नल सिस्टम आहे, परवाना एमआयटी. ड्रायव्हर आणि फाइल सिस्टम कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोसेस म्हणून चालतात. त्यामुळे नवशिक्याला एखादा ड्रायव्हर सुटा वाचता येतो, ही तिची मोठी सोय.

कोड त्यांच्या स्वतःच्या गिटलॅबवर आहे. बिल्डसाठी पॉडमन कंटेनर वापरतात. बूटस्ट्रॅपची स्क्रिप्ट लागणारी साधनं बसवते, मग ‘मेक ऑल’ आणि ‘मेक क्यूईएमयू’. पहिल्या खेपेला ‘डेस्कटॉप’ऐवजी ‘मिनिमल’ कॉन्फिग निवडा, कारण डेस्कटॉपमध्ये कितीतरी जास्त पॅकेजं उतरतात. केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन वेगानं चालवायची सोय) नसलेल्या मशीनवर ‘केव्हीएम नो’ द्यावं लागतं आणि सगळं बरंच संथ चालतं. एखादंच पॅकेज बदललं असेल तर ‘मेक आर’, टिंब आणि त्याचं नाव. पूर्ण बिल्ड पुन्हा करू नका. जुनं क्लोन महिन्याभरानं अद्ययावत केल्यावर बिल्ड मोडलं तर चूक बहुधा तुमची नसते: टूलचेन आणि सबमॉड्यूल मागे राहिलेले असतात. आधी ते ओढून घ्या.

इथे वाचायची पहिली गोष्ट म्हणजे रेलिबसी, रस्टमध्ये लिहिलेली सी लायब्ररी. त्यात छोटी, सुटी, तपासता येणारी फंक्शनं भरपूर आहेत आणि पहिला पॅच बहुतेकांना तिथेच सापडतो.

चौथी पायरी: खिडकीत मराठी

आता डेस्कटॉपकडे. सरावासाठी असं ॲप घ्या ज्याचा हिशेब कोल्हापुरात कुणीही तपासून देऊ शकेल: गुळाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती. शेतकऱ्याचं नाव, तालुका, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, क्विंटलचा दर. खाली हमाली, तोलाई, अडत आणि हाती येणारी रक्कम. कपातीचे दर आणि ते कुणाकडून घ्यायचे हे कोडमध्ये लिहू नका. नियम बदलतात, म्हणून ते सेटिंगच्या फाइलमध्ये.

टूलकिट (खिडक्या, बटणं बनवायची लायब्ररी) निवडताना एकच कसोटी आधी लावा: ‘गुऱ्हाळ’ बरोबर उमटतो का. जीटीके ४ चं रस्ट बाइंडिंग वापरलं तर खाली पँगो आणि हार्फबझ या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररी असतात, त्यामुळे देवनागरी पहिल्या दिवसापासून व्यवस्थित. फक्त जीटीकेचं ‘डेव्ह’ पॅकेज बसवायला विसरू नका, नाहीतर पीकेजी-कॉन्फिगचा एरर येतो. अडचण विंडोजवर आहे: जीटीकेच्या सगळ्या लायब्ररी सोबत बांधून द्याव्या लागतात. व्यापाऱ्याच्या दुकानात विंडोज असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून या ॲपसाठी आइस्ड हे दुसरं टूलकिट बरं. ते शुद्ध रस्ट आहे, एकच फाइल बनते, आणि मजकुरासाठी कॉस्मिक-टेक्स्ट ही लायब्ररी वापरतं. आइस्डच्या जुन्या आवृत्त्यांत मजकुराचं शेपिंग मुळात ‘बेसिक’ असतं. ते ‘ॲडव्हान्स्ड’ केल्याशिवाय जोडाक्षरं लागत नाहीत. नवशिक्यांची निम्मी तक्रार या एका सेटिंगनं मिटते. फॉन्ट सिस्टमवर असेल असं धरून चालू नका. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी ‘इन्क्लूड बाइट्स’नं ॲपमध्येच घाला आणि त्याच्या परवान्याची फाइल सोबत द्या.

तालुक्यांची यादी हीच तपासणीची यादी करा. पन्हाळा, गडहिंग्लज, हातकणंगले, शिरोळ, करवीर, आणि शेजारचं कऱ्हाडही घाला. गडहिंग्लजमध्ये वेलांटी ह च्या आधी आली पाहिजे आणि अनुस्वार त्याच अक्षरावर, कऱ्हाडमध्ये चंद्रकोर, ‘मार्केट’मध्ये रफार क च्या डोक्यावर.

यादी क्रमानं लावायला साधं सॉर्ट वापरलं तर युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यासाठी आयसीयू४एक्स ही युनिकोड कन्सॉर्टियमची रस्ट लायब्ररी आहे. तिच्या कोलेटरला भाषा मराठी सांगा.

शोध चालत नाही ही तक्रार ऱ वरूनच येते. ऱ हे एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि र ला खाली नुक्ता जोडूनही. डोळ्याला दोन्ही सारखे, बाइट वेगळे. एका कीबोर्डवरून भरलेला ‘कऱ्हाड’ दुसऱ्यावरून शोधला तर सापडत नाही. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्हीकडे एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करा.

नाव रकान्यात मावत नाही म्हणून कापायचं असेल तर बाइटच्या आकड्यानं कधीच कापू नका. ‘गुऱ्हाळ’चे पहिले चार बाइट मागितले तर कट दुसऱ्या चिन्हाच्या पोटात पडतो आणि रस्ट तिथेच पॅनिक करतं. चिन्हांनी कापलं तर पॅनिक होत नाही, पण लोंबकळता हलन्त उरतो. युनिकोड-सेगमेंटेशन या क्रेटनं अक्षरसमूहांवर कापा. नव्या नियमांप्रमाणे (युनिकोड १५.१ पासून) ‘ऱ्हा’ हा एकच समूह धरला जातो आणि शब्दाचे तीन तुकडे होतात, जुन्या आवृत्तीत चार. चार आले तर क्रेट जुनं आहे.

वजन ‘८७०’ असं मराठी अंकांत लिहिलं की ‘पार्स’ एरर देतं, कारण त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. ० ते ९ हे हेक्स ०९६६ ते ०९६एफ मध्ये ओळीनं आहेत. त्यातून ०९६६ वजा केलं की किंमत मिळते. वापरणाऱ्याला कीबोर्ड बदलायला सांगू नका, दहा ओळींचं फंक्शन लिहा.

पैसे कधीही दशांश फ्लोटमध्ये ठेवायचे नाहीत. रक्कम पैशांत, वजन ग्रॅममध्ये, दोन्ही ६४ बिटांचे पूर्णांक. ८७० किलो, दर क्विंटलला ४,२५० रुपये: ८,७०,००० ग्रॅम गुणिले ४,२५,००० पैसे, भागिले १,००,०००. उत्तर ३६,९७,५०० पैसे, म्हणजे ३६,९७५ रुपये. मधला गुणाकार ३६,००० कोटींच्या पुढे जातो. ३२ बिटांची मर्यादा सुमारे २१४ कोटी. तो प्रकार वापरला तर डीबग बिल्ड पॅनिक करतं, आणि रिलीज बिल्ड गुपचूप चुकीची रक्कम देतं. शेतकऱ्याच्या हातात चुकीची पट्टी जाणं ही लहान गोष्ट नाही, म्हणून गुणाकाराला ‘चेक्ड मल’च वापरा.

टाइपिंग दोन प्रकारचं असतं. इन्स्क्रिप्ट लेआउटमध्ये बहुतेक प्रत्येक कळ सरळ एक चिन्ह देते, ते कुठेही चालतं. उच्चारावरून मराठी टाइप करणाऱ्यांना मात्र आयबस किंवा एफसीआयटीएक्स ही इनपुट मेथड लागते, आणि त्यासाठी टूलकिटला इनपुट मेथडचा आधार हवा. दोन्ही करून बघा. बॅकस्पेसनं एकेक चिन्ह मागे जावं आणि बाणाच्या कळीनं कर्सर पूर्ण अक्षर ओलांडावा. मराठी टाइप करणाऱ्याच्या बोटांना हीच सवय असते.

नोंदी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, एक पट्टी म्हणजे एक ट्रान्झॅक्शन. वीज मध्येच गेली तर पट्टी एकतर पूर्ण असेल किंवा नसेलच. लिनक्सवर वाटायचं असेल तर जुन्यात जुन्या डिस्ट्रोवर बिल्ड करा. नव्यावर केलेलं जुन्यावर नेलं की ‘जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही’ म्हणून सुरूच होत नाही.

पाचवी पायरी: प्रकल्पाला हातभार

कॉस्मिक हा रस्टमध्ये लिहिलेला डेस्कटॉप सिस्टम७६ या कंपनीनं उभा केला. त्याची ॲप्स आणि आइस्ड मजकुरासाठी तेच कॉस्मिक-टेक्स्ट वापरतात, आणि कॉस्मिकचं एडिटर व फाइल मॅनेजर रेडॉक्सवरही चालवले गेले आहेत. म्हणजे कॉस्मिक-टेक्स्टमध्ये देवनागरीचा एक दोष दुरुस्त झाला तर तो लिनक्स आणि रेडॉक्स दोन्हीकडे पोहोचतो. मराठी माणसानं वेळ घालवावा अशी याहून नेमकी जागा आम्हाला दिसत नाही.

दोष कळवताना ‘मराठी नीट दिसत नाही’ असं लिहून उपयोग नाही. समोरच्याला लिपी वाचता येत नाही हे धरून चला. शब्द, त्यातल्या चिन्हांचे युनिकोड क्रमांक ओळीनं, फॉन्टचं नाव आणि आवृत्ती, ॲपची आवृत्ती, चुकीचं चित्र, आणि त्याच फॉन्टमध्ये हार्फबझच्या ‘एचबी-व्ह्यू’नं काढलेलं बरोबर चित्र. शेवटचं चित्र असलं की ‘फॉन्टच खराब असेल’ हा वाद उरत नाही. एचबी-व्ह्यूमध्येही चुकत असेल तर दोष फॉन्टचा, आणि तक्रार फॉन्ट बनवणाऱ्यांकडे न्यायची. ल आणि श यांचे मराठी आकार हिंदीहून वेगळे असतात. फॉन्टमध्ये दोन्ही असूनही हिंदी आकार येत असतील तर मजकुराची भाषा मराठी म्हणून पुढे पोहोचत नाहीये, हे वेगळं नोंदवा.

भाषांतर हा आत शिरायचा दुसरा रस्ता. कॉस्मिकचे मजकूर फ्लुएंट पद्धतीच्या फाइलींत असतात. ‘१ रवा, २ रवे’ असं अनेकवचन तिथे नीट मांडता येतं, ते चुकवू नका. फ्लुएंट मध्ये येणाऱ्या किमतींभोवती दिशा सांगणारी अदृश्य चिन्हं घालतं. काही फॉन्टांत त्यांचे चौकोन दिसतात. तसं दिसलं तर भाषांतर बदलू नका, ॲपच्या कोडमध्ये ‘आयसोलेटिंग’ बंद करायचा पर्याय आहे.

कोडचा पॅच पाठवण्याआधी प्रकल्पाची कॉन्ट्रिब्यूटिंग फाइल शेवटपर्यंत वाचा. कुठे ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ सक्तीची असते, कुठे एआयनं लिहिलेला कोड चालत नाही, कुठे आधी चर्चा करावी लागते. एका पॅचमध्ये एकच बदल. ‘कार्गो एफएमटी’ आणि ‘कार्गो क्लिपी’ चालवा, पण तुमच्या बदलाशी संबंध नसलेल्या ओळी फॉरमॅट होऊन आल्या असतील तर त्या काढून टाका. तपासणाऱ्याला त्यांचाच त्रास होतो. शेपिंगच्या दुरुस्तीसोबत चाचणी जोडा आणि त्या चाचणीत एखादा मराठी शब्द घाला, म्हणजे पुढे कुणी तो कोड बदलला आणि मराठी मोडली तर चाचणीच ओरडेल.

उत्तर यायला आठवडे लागू शकतात. दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करावी, त्याआधी नाही. बदल सुचवले तर त्याच शाखेवर नवे कमिट टाका, नवा मर्ज रिक्वेस्ट उघडू नका. मधल्या काळात मुख्य शाखा पुढे गेली असेल तर रिबेस करून (आपले बदल तिच्या टोकावर पुन्हा बसवून) पुन्हा बिल्ड करा, चाचण्या चालवा, आणि काय बदललं ते एका ओळीत लिहून कळवा.